गप्पींचं पायपिंग

नवी मुंबईत नियोजनाशिवाय काही होत नाही, असा आम्हा नवी मुंबईकरांचा समज आहे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' या नियतकालिकात खाडीपलीकडे जुळं शहर वसवण्याची कल्पना मांडली, १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि मग इथल्या खडकाळ-दलदलीच्या जमिनीला नोड, सेक्टर आणि प्लॉट नंबर मिळाले. मुंबईत पत्ता सांगताना लोक 'पिंपळाच्या मागे' म्हणतात. इथे आम्ही ताठ मानेने सेक्टर आणि प्लॉट सांगतो, आणि रिक्षावाला मान मागे वळवून विचारतो, "म्हणजे पिंपळापाशीच ना?"

अशा शहरात निवृत्त माणूस स्वस्थ बसेल ही अपेक्षाच चुकीची. आमच्या विंगमध्ये चौथ्या मजल्यावर एक निवृत्त पायपिंग इंजिनिअर राहतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांचे पाइप आखण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. कुठल्या टाकीतून काय निघतं, कुठे जातं आणि वाटेत अडलं तर कोण मरतं, हा त्यांचा विषय. सगळी सोसायटी त्यांना 'साहेब' म्हणते. त्यांच्या नातवाने एकदा हट्ट धरला की आपण मासे पाळू. त्याची मागणी दोन गप्पी आणि एक काचेची बरणी एवढीच होती. साहेबांनी त्यावर 'डिझाइन बेसिस' या शीर्षकाचं टिपण तयार केलं. नातू तेव्हा पहिलीत होता. टाकीत पहिला मासा पडला तेव्हा तो दुसरीत गेला होता.

टिपणात बरणीची चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी झाली. म्हणजे बारा घनफूट, म्हणजे सुमारे ३४० लिटर पाणी. त्यात काच, वाळू आणि दगड मिळवले की वजन साडेचारशे किलोच्या पुढे जातं. घरातल्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून इमारतीचा हिशेब करतात. ही टाकी अर्ध्या चौरस मीटरहून थोड्याच मोठ्या जागेवर तेवढं सगळं वजन घेऊन उभी राहणार. म्हणून ती खोलीच्या मधोमध न ठेवता खाली बीम असलेल्या भिंतीलगत ठेवायची, असं साहेबांनी ठरवलं. हे ते लिफ्टमध्ये मला समजावून सांगत होते. दुर्दैवाने लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काकाही होते.

"साडेचारशे किलो?" काकांनी विचारलं. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना आकडे चटकन ऐकू येतात.

"बीमवर आहे, काळजी नको," साहेब म्हणाले.

"बीमखाली माझा सोफा आहे," काका म्हणाले.

घरातल्या फिश टँकचा सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. पाणी ज्याचं असतं त्याच्या घरात ते कधी गळत नाही. ते खालच्या घरात गळतं. नवी मुंबईतल्या सोसायट्यांची निम्मी पत्रापत्री या विषयावर होते. 'आपल्या बाथरूममधून आमच्या बेडरूममध्ये' अशी सुरुवात असलेली पत्रं वाचून सेक्रेटरींचे केस पांढरे होतात. त्या दिवसापासून काकांनी साहेबांच्या माशांमध्ये जो रस घेतला, तो नातवानेही घेतला नव्हता.

जागेचा प्रश्न तिथेच मिटला नाही. साहेबांच्या सूनबाईंनी कुठे तरी वाचलं होतं की पाणी ईशान्येला हवं. बीम नैर्ऋत्येला होता आणि तीन पिनांचा प्लगही तिथेच होता. शेवटी टाकी नैर्ऋत्येलाच राहिली आणि ईशान्येला पाण्याने भरलेला तांब्या ठेवण्यात आला. वास्तुपुरुषाचं समाधान झालं असावं, कारण त्याची पत्रं आलेली नाहीत.

मग पंप. टाकीच्या खाली कपाटात दुसरी छोटी टाकी असते, तिला संप म्हणतात. वरच्या टाकीतलं जास्तीचं पाणी पाइपाने संपात उतरतं, तिथे स्पंज आणि फिल्टरमधून गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर ढकलतो. तासाभरात टाकीतलं सगळं पाणी चार-पाच वेळा असं फिरावं, म्हणजे साहेबांना तासाला दीड हजार लिटर हवे होते. पंपासाठी आम्ही कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारात गेलो. दुकानदाराने पटकन डबा काढला. त्यावर '३००० लिटर प्रतितास' असं छापलं होतं.

"किती उंचीवर?" साहेबांनी विचारलं.

"कितीही," दुकानदार म्हणाला.

"याचा कर्व्ह दाखवा."

दुकानदाराने पंप डब्यातून काढून चारही बाजूंनी फिरवून दाखवला. "कर्व्ह कुठेच नाही साहेब. सरळ आहे. गॅरंटी."

साहेबांना हवा होता तो कर्व्ह म्हणजे उंचीप्रमाणे पंपाचा प्रवाह किती उतरतो त्याचा आलेख. डब्यावरचा आकडा हा पंप आडवा ठेवून, पाइप न लावता, पाण्याला कुठेही जायचं नसताना मोजलेला असतो. पाणी वर चढवायला लागलं की आकडा उतरतो, आणि डब्यावर लिहिलेल्या कमाल उंचीला तो शून्य होतो. कमाल तीन मीटर लिहिलेल्या पंपाकडून दीड मीटरवर साधारण निम्म्याची अपेक्षा ठेवावी. साहेबांनी तोच घेतला, कारण त्यांना निम्मंच हवं होतं. "आकडा खोटा नाही, फक्त आपल्यासाठी नाही," ते परतीच्या लोकलमध्ये म्हणाले. घर घेताना बिल्डरने सांगितलेलं 'स्टेशनपासून पाच मिनिटं' हे अंतर मला आठवलं.

यानंतर प्लंबर आला. भारतभरच्या शहरांतले कितीतरी प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातल्या पट्टामुंडई भागातून येतात. तिथे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थासुद्धा आहे. आमचाही तिथलाच. नेरुळमध्ये इतकी वर्षं काढली की मराठीत भांडतो. साहेबांनी त्याच्यापुढे ए-थ्री आकाराचं ड्रॉइंग पसरलं. व्हॉल्व्हना नंबर, पाइपांना नंबर, प्रवाहाचे बाण.

"नळ कुठे आहे?" प्लंबरने विचारलं.

"नळ नाही."

"मग पाणी येतं कुठून?"

"खालच्या टाकीतून."

"आणि जातं?"

"खालच्या टाकीत."

प्लंबरने ड्रॉइंग उलटं धरून पाहिलं. आतल्या खोलीतून साहेबांच्या आई हे ऐकत होत्या. वय नव्वदीच्या आसपास, बालपण कोकणात विहिरीचं पाणी ओढण्यात गेलेलं. "अरे, खालचं पाणी वर चढवायचं, वरचं खाली सोडायचं आणि परत चढवायचं? दिवसभर?"

"रात्रीही, आई. चोवीस तास."

"मग ते जिथे आहे तिथेच राहू दे की," आई म्हणाल्या. त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. चाळीस वॉटचा पंप चोवीस तास चालला की दिवसाला जवळजवळ एक युनिट वीज जाते, हे त्यांना त्या दिवशी सांगायचं नाही असं घरात ठरलं.

प्लंबर आणि साहेब यांच्यातला खरा वाद एल्बोवरून झाला. प्लंबरला एल्बो प्रिय. भिंत आली की एल्बो, कपाटाची फळी आली की एल्बो. एक इंची पाइपातला काटकोनी एल्बो पाण्याला साधारण अडीच फूट सरळ पाइपाइतका अडवतो. सहा एल्बो घातले की पाणी कपाटातल्या कपाटात पंधरा फूट जास्तीचं चालतं. साहेबांनी काटकोन शक्य तिथे काढले आणि उरलेल्या वळणांना पंचेचाळीस अंशांचे जोड लावायला सांगितले. पाइपही पाऊण इंचाचा न घेता एक इंचाचा घेतला. तेवढंच पाणी दुप्पट व्यासाच्या पाइपातून नेलं तर घर्षण बत्तिसाव्या हिश्श्याच्या आसपास येतं, हे त्यांनी प्लंबरला सांगितलं. प्लंबर म्हणाला, "म्हणजे जाड पाइप टाकायचा. बत्तीस कशाला मोजता?"

पण प्लंबरकडूनही साहेब शिकले. ड्रॉइंगमध्ये पंप थेट पाइपाला जोडलेला होता. प्लंबरने विचारलं, "पंप साफ करायचा झाला तर? करवत आणू?" मग पंपाच्या वर बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन आला, म्हणजे व्हॉल्व्ह बंद करायचा, युनियन हाताने फिरवायचा आणि पंप काढून घ्यायचा. त्याने सोल्यूशन लावायच्या आधी सगळे जोड कोरडेच जमवून पाहिले, पेन्सिलीने खुणा केल्या आणि मग चिकटवले. सोल्यूशन एकदा धरलं की पीव्हीसीचा जोड सुटत नाही, कापावाच लागतो. आईंनी आतून माळ्यावरचा पितळी नळ काढून दिला होता, 'चांगला आहे, वापरा' म्हणून. तो घेता आला नाही. पितळेत तांबं असतं आणि तांबं कोळंबीला आणि गोगलगायींना मारक असतं. आईंना हे पटलं नाही. त्यांनी साठ वर्षं पितळी हंड्यातलं पाणी प्यायलं होतं आणि त्या कोळंबीपेक्षा ठणठणीत होत्या.

वरच्या टाकीतून पाणी खाली नेण्यासाठी काचेला भोकं पाडली. टफन केलेल्या काचेला भोक पाडायला गेलं की तिचा क्षणात चुरा होतो, म्हणून साधी काच घेतली होती आणि हिऱ्याच्या बिटाने, वर पाण्याची धार धरून, दुकानदाराने तीन भोकं पाडून दिली. तीन का, असं सगळ्यांनी विचारलं. पहिला पाइप पूर्ण भरून, हवा न घेता, बिनआवाज पाणी ओढतो. दुसऱ्यातून उरलेलं थोडं पाणी हवेसकट जातं. तिसऱ्याचं तोंड सर्वांत उंच असतं. त्यात पाणी येत नाही, यायला नको. पहिल्यात पान किंवा मासा अडकला, पाण्याची पातळी वाढली आणि दुसराही पुरेनासा झाला, तरच तिसरा कामाला लागतो. सोसायटीच्या कमिटीची रचनाही हीच असते. एक सभासद मुकाट्याने सगळं करतो, दुसरा थोडं करून आवाज करतो, तिसरा कोरडा बसून असतो. कमिटीतला तिसरा मात्र पाणी नाकापर्यंत आलं तरी कोरडाच राहतो.

पहिल्या रात्री आवाज झालाच. उतरणारं पाणी हवा सोबत ओढतं आणि ती हवा पाइपातून सुटताना गुडगुडते. आई रात्री उठल्या, घरातले सगळे नळ एकेक करून पिळून बंद केले, आणि तरी पाणी वाहतंय म्हणून साहेबांना उठवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पहिल्या पाइपाचा व्हॉल्व्ह केसभर केसभर फिरवत हवा बंद केली आणि दुसऱ्या पाइपाच्या डोक्यावर बारीक भोक पाडून हवेला वाट दिली. ही युक्ती जुनीच आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ आणला, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. नळातली कोंडलेली हवा त्यांतून निघून जायची आणि पाणी कुठल्याही पंपाशिवाय नुसत्या उतारावर पुण्यात पोचायचं. पेशव्यांच्या प्लंबरला कर्व्ह माहीत नव्हता, पण हवा आधी बाहेर काढली पाहिजे हे माहीत होतं.

मग आला तो दिवस, ज्यासाठी साहेबांनी सगळं आखलं होतं. सगळे लोक टाकी चालू कशी होते ते पाहायला येतात. साहेब म्हणाले, चालू कुठलीही टाकी होते, बंद कशी होते ते पाहायचं. लाइट गेली की पंप थांबतो. वरच्या टाकीतलं पाणी आपल्या भोकांच्या पातळीपर्यंत खाली उतरतंच, पण खरा घात पंपाचा पाइप करतो. त्याचं तोंड पाण्यात बुडालेलं असतं, आणि पंप थांबताच तोच पाइप उलटा वाहू लागतो. वरचं पाणी सायफनने खाली खेचलं जातं, तोंड उघडं पडेपर्यंत. या टाकीत एक इंच पातळी उतरली की चौदा लिटर पाणी खाली येतं. तोंड पाच इंच खोल असेल तर सत्तर लिटर. संपात तेवढी रिकामी जागा नसेल तर ते पाणी कपाटात, कपाटातून फरशीवर, फरशीवरून... आणि इथे साहेबांनी तिसऱ्या मजल्याच्या दिशेने बोट केलं.

"त्यावर एनआरव्ही लावतात ना? उलटं पाणी अडवणारी झडप?" काकांनी विचारलं. एव्हाना काका विषयात तयार झाले होते.

"लावतात. पण त्यावर भरवसा ठेवत नाहीत. वाळूचा एक कण किंवा एक छोटी गोगलगाय झडपेत बसली की झडप मिटत नाही." म्हणून साहेबांनी पाइपाचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आणलं आणि पातळीच्या जरा खाली पाइपाला बारीक भोक पाडलं. पातळी भोकाखाली गेली की भोकातून हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. संपात त्या वेळी खाली येणाऱ्या सगळ्या पाण्यापेक्षा जास्त जागा रिकामी ठेवली होती. वायरलाही प्लगच्या खाली येणारा एक झोल दिला होता, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता झोलावरून टपकेल.

चाचणीला सगळी विंग जमली. काका मात्र आले नाहीत. ते आपल्या हॉलमध्ये, सोफा बाजूला सरकवून, छताकडे पाहत उभे होते. फोन चालू होता. साहेबांनी स्विच बंद केला. पाणी सरसरत खाली आलं, संप चढला, आणखी चढला, भोकातून सुर्र आवाज झाला आणि सगळं थांबलं. संपाच्या काठाशी तीन बोटं जागा उरली होती.

"काका?" साहेबांनी फोनवर विचारलं.

"कोरडं आहे," काका म्हणाले. "परत करा."

माझ्या मनात तेव्हा शहर येत होतं. नवी मुंबईचा बराच भाग खाडीची दलदल भरून उभा आहे आणि भरतीची पातळी कितीतरी ठिकाणी जमिनीच्या वर जाते. म्हणून शहर आखणाऱ्यांनी डच पद्धतीने धारण तलाव ठेवले आणि त्यांच्या खाडीकडच्या तोंडाला फ्लॅप गेट लावले. भरती आली की खाडीच्याच दाबाने झडप मिटते आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की तलावाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. ना वीज, ना ऑपरेटर. साहेबांचा संप आणि एनआरव्ही, फक्त हेक्टरांत. लाइट गेल्यावर काय, हा प्रश्न १९७०च्या दशकात कोणीतरी विचारला होता.

तो विचारून ठेवणं सोपं असतं, उत्तर साफ ठेवणं अवघड. तलावांत गाळ साठला आणि गाळावर खारफुटी उगवली. खारफुटीला २००५ सालच्या उच्च न्यायालयाच्या आदेशापासून संरक्षण आहे आणि असायलाही हवं, त्यामुळे गाळ काढायचा तर परवानग्यांची रांग लागते. साहेबांच्या झडपेत गोगलगाय बसते, शहराच्या झडपेशी जंगल उगवतं. उलटा प्रकारही होतो. ज्या शहराने स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवून घेतलं, तिथे नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली आणि २०२४ मध्ये तलाव कोरडा पडला. दुरून चिखल-शेवाळ शोधत येणारा पक्षी नियोजन वाचत नाही, तो फक्त पाणी आहे का ते पाहतो.

टाकी तयार झाल्यावर लगेच मासे येत नाहीत, हे आणखी एक दुःख. माशांच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये वाढावे लागतात, आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी मोरबे धरणाचं, म्हणजे महापालिकेच्या स्वतःच्या मालकीच्या धरणाचं, पण क्लोरीन घातलेलं. क्लोरीन माशांना आणि जीवाणूंना दोघांनाही चालत नाही, म्हणून अँटीक्लोरीनचे थेंब. त्या महिन्या-दीड महिन्यात घरी आलेला प्रत्येक पाहुणा टाकीसमोर वाकून, डोळे बारीक करून मासे शोधायचा. काहींना दिसायचेसुद्धा. नातू प्रत्येकाला समजावून सांगायचा, "आत्ता फक्त प्लंबिंग आहे."

शेवटी गप्पी आले. दोनच आणायचे होते. पण गप्पींनी कुठलाही डिझाइन बेसिस वाचलेला नसतो. थोड्याच दिवसांत पिल्लं इतकी झाली की साहेब ती शेजाऱ्यांना स्टीलच्या डब्यातून वाटू लागले. पहिला डबा काकांना गेला. काकांनी पिल्लं बरणीत ठेवली. पाइप नाही, पंप नाही, तिसरं भोक नाही. ती मजेत आहेत, हे साहेबांना फार लागतं.

गणपतीला साहेब सहकुटुंब गावी निघाले. श्रावण संपला की निम्मी नवी मुंबई कोकणात असते आणि उरलेल्या निम्म्याकडे त्यांच्या घरांच्या किल्ल्या असतात. साहेबांनी तीन पानी सूचनापत्र लिहिलं होतं: कुठला व्हॉल्व्ह कधी, लाइट गेली तर काय, आली तर काय. किल्ली कोणाला द्यायची यावर घरात चर्चा झाली. सूनबाई म्हणाल्या, समोरच्या वहिनींना. नातू म्हणाला, वॉचमनकाकांना. साहेबांनी ती तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिली.

"तुमच्या भावाला का नाही दिली? तो तर वाशीलाच असतो," मी विचारलं.

"त्याच्या डोक्यावर काही पडणार नाही," साहेब म्हणाले. "व्हॉल्व्हची किल्ली नेहमी खालच्या मजल्यावर असावी."

काका रोज सकाळ-संध्याकाळ वर जात. सूचनापत्र त्यांनी लॅमिनेट करून घेतलं होतं. नगररचनेचा अभ्यासक्रम कोणी नव्याने लिहायला घेतला, तर मला वाटतं त्या समितीवर काकांना घ्यावं.